टाळ्यांवर संपलेलं भाषण

नागपंचमी झाली की आमच्या गल्लीत जात्यांची घरघर वाढते. आमच्या खानदेशच्या देवीच्या, कानबाईच्या, रोटांसाठी घराघरांत गहू दळायला घेतात, बायका गाणी म्हणतात, आणि तो आवाज सकाळीच माझ्या खिडकीतून आत येतो. अख्ख्या धुळ्याला त्या आवाजानं सण जवळ आल्याचं कळतं. मी उठतो आणि खिडकी लावून घेतो. श्रावणातला दमट उकाडा, जीव नुसता कासावीस होतो, पण लावतो. घरात मी एकटाच, त्यामुळे ‘खिडकी का लावली’ म्हणून विचारणारं कुणी नाही.

यंदा नेमक्या त्याच आठवड्यात इथल्या एका शाळेचे हेडमास्तर आले. शाळेत वक्तृत्व मंडळ काढलंय म्हणाले. अहो, दिवसच तसे आहेत. चौकाचौकात सभा, झाडाझाडावर कर्णे, ज्याला त्याला बोलायचंय. हेडमास्तर म्हणाले, “विषय तुमच्याच हातचा, मास्तर. परिणामकारक भाषण कसं करावं, एवढंच मुलांना सांगा. तुमच्याइतकं अधिकारानं कोण सांगणार?”

त्यांच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. परिणामकारक भाषण मी एकदा केलेलं आहे. एका भाषणानं अख्खं गाव हललं, असं या जिल्ह्यात माझ्याशिवाय कुणाला सांगता येईल असं वाटत नाही. आणि त्या भाषणानं माझी सख्खी बहीण गेली, हेही सांगता येईल. पण हे दुसरं मी इतक्या वर्षांत कुठल्याही व्यासपीठावर सांगितलं नव्हतं. तरी ‘येतो’ म्हणालो.

तेव्हा मी पंचविशीतला, नवा मास्तर. शिंदखेड्याकडच्या खेड्यातनं धुळ्याला शिकायला आलेलो, आणि शिकता शिकता पुस्तकी मराठी अशी काही कमावली होती की आमचीच माणसं माझ्याशी बोलायला बिचकायची. वक्तृत्वाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालेलं. आरशासमोर उभं राहून हात कुठे उचलायचा, कुठे थांबायचं, शेवटच्या रांगेतल्या माणसाकडे कसं बघायचं, हे सगळं घोटलेलं. आणि एक नियम तर मी जानव्यासारखा जपला होता. भाषण टाळ्यांवर संपवायचं. टाळी पडली की नमस्कार करायचा आणि खाली उतरायचं. त्यानंतर एक शब्दही बोलला तर सगळं पाणचट होतं, असं मी माझ्या विद्यार्थ्यांनाही शिकवत असे. काय ती ऐट होती माझी!

अक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. पारोळ्याच्या अलीकडे, बोरी नदीच्या काठच्या गावात दिलेली. आई लवकर गेली, त्यामुळे मला न्हाऊमाखू घातलं ते तिनं. मी धुळ्याला शिकायला निघालो तेव्हा दशम्यांचं गाठोडं बांधून देणारी तीच. मला बक्षीस मिळालं ते तिला कळलं, तर तिनं विचारलं, “भाऊ, बोलानं बी बक्षीस देतस का? मंग आमनी सासूले तर रोज देनं पडी!” तिची सासू शेजारीच बसली होती. दोघीही हसत सुटल्या.

त्या साली श्रावणाच्या तोंडालाच बोरीच्या वरच्या अंगाच्या गावांत पटकी आली. सकाळी चांगला हिंडता-फिरता माणूस, जुलाब-वांत्या लागल्या की संध्याकाळी नाही. तालुक्याच्या कुणा साहेबांनी ठरवलं की अजून जी गावं वाचलीत तिथं जाऊन लोकांना समजावून सांगायचं. बोलणारा माणूस पाहिजे होता. माझं नाव पुढे आलं, आणि गावांच्या यादीत अक्काचं गाव दिसल्यावर मी ते आधी मागून घेतलं. बहिणीच्या गावात, तिच्या सासरच्या माणसांसमोर भाषण! खोटं कशाला सांगू, पटकीपेक्षा माझ्या डोक्यात तेच जास्त होतं.

साहेबांनी मला चार गोष्टी सांगितल्या होत्या. विहिरीत जंतू असतील, तर पाणी उकळून प्यावं. विहिरीत लाल औषध टाकतील, त्यानं पाणी जांभळट होईल, घाबरू नये, एक दिवस थांबून ते वापरावं. आणि नदीचं पाणी मुळीच पिऊ नये, कारण वरच्या गावांत आजाऱ्यांचे कपडे नदीतच धुतात. मी हे सगळं नीट लिहून घेतलं. भाषण आठ पानांचं झालं. पहिल्या सात पानांत पटकीचं थैमान, जंतूंचं वर्णन, अज्ञानावर कोरडे. या चार गोष्टी आठव्या पानावर.

शुक्रवार होता. बैलांच्या दमणीतून उतरलो तेव्हा नुकतीच सर येऊन गेलेली, मारुतीचा पार ओला, कपाशी गुडघ्याएवढी. रविवारी कानबाई बसायची होती, म्हणून घरोघर सारवण चाललेलं, शेणाचा आणि ओल्या मातीचा वास. पारावर घोंगडी अंथरली होती. तिथं गावचा जागल्या झिपरू आला. डफ गळ्यात. साठीचा माणूस, दवंडी द्यायचं काम त्याच्याकडे. मला जोहार करून म्हणाला,

“मास्तर, नेमकं काय सांगानं शे? दोन बोल माले सांगी द्या. मी डफ वाजाडीसन बठ्ठा गावले सांगी देस. बायका घरमाईन ऐकतीस.”

मला रागच आला. सात दिवस खपून मी भाषण लिहिलं होतं, आणि हा म्हणतो दोन बोल सांगा! मी त्याला म्हणालो, “अहो, हे दोन शब्दांत मावणारं काम नाही. मी आलोय ना सांगायला? तुम्ही फक्त लोक गोळा करा.”

झिपरू ‘बरं’ म्हणाला आणि निघून गेला. त्याचं ते ‘नेमकं काय सांगानं शे’ पुढे किती वर्षं माझ्या कानात राहील, याची तेव्हा कल्पना नव्हती. आज मुलं मला विचारतात, मास्तर, बोलताना हात कुठे ठेवायचे, आवाज कुठे चढवायचा. झिपरूनं विचारलं ते अजून एकानंही विचारलेलं नाही.

लोक जमले. पुरुष पारासमोर, बायका लांब, लिंबाखाली, पदर पुढे ओढून. त्यात अक्का. तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि शेजारणीला कोपरानं ढोसून सांगत होती ते मला पारावरून दिसत होतं. ती काय सांगत असेल ते ऐकू येत नव्हतं, पण कळत होतं. “हाऊ मना भाऊ शे.”

आणि मी बोललो. असा बोललो की तसं पुन्हा कधी जमलं नाही. विहिरीकडे हात करून म्हणालो, “ज्या विहिरीला तुम्ही माय समजता, ती आज वैरीण झाली आहे! तिच्या एका घोटात हजार मरणं दडलेली आहेत!” एक म्हातारा ‘अरे देवा’ म्हणाला. मी थांबलो. थांबायचं कुठे ते मला येत होतं. मग आवाज खाली आणून, दारात पडलेल्या प्रेतांचं, पाणी पाणी करणाऱ्या आईचं वर्णन केलं. लिंबाखाली बायका डोळे पुसायला लागल्या. सातवं पान संपता संपता मी दोन्ही हात वर करून विचारलं, “सांगा, पुन्हा या विहिरीचं पाणी तोंडाला लावाल?” आणि गाव एका आवाजात ओरडलं, “नही! नही!” टाळ्या. अशा टाळ्या की पारावरच्या पिंपळातले पोपट उडाले.

हातात आठवं पान होतं.

मी ते घडी करून खिशात घातलं. टाळ्या पडल्या होत्या ना! आता उकळा, एक दिवस थांबा, ही स्वयंपाकघरातली बडबड कुठे मध्येच करणार? मनात म्हटलं, जेवताना सांगू. आबांना सांगू, ते चार लोकांना सांगतील. आबा म्हणजे माझे मेहुणे, अक्काचे मालक. नमस्कार केला आणि खाली उतरलो.

जेवताना घर माणसांनी भरलेलं. “मास्तर, भलतंच भारी बोलनात! आंगवर काटा उना!” म्हणत एकेक जण येऊन जात होता. पाटील स्वतः आले. अक्का वाढताना मध्येच थांबून माझ्याकडे बघत होती. कळण्याची भाकरी, वर तेल, ठेचा. मला त्या जेवणाची चव आठवते आणि बोललेली एक गोष्ट आठवत नाही, कारण मी कुणाला काही सांगितलंच नाही. लोक बोलत होते, मी ऐकत होतो, कौतुकानं पोट भरत होतं. तेवढ्यात दमणीवाला ओरडला की आभाळ भरून येतंय, नाल्याला पूर आला तर अडकाल. मी घाईघाईनं निघालो. अक्का वेशीपर्यंत आली. म्हणाली, “भाऊ, कानबाईले थांबता तं बरं व्हतं.” मी म्हणालो, पुढच्या वर्षी.

शनिवारी तालुक्याचा माणूस येऊन विहिरीत लाल औषध टाकून गेला. पाणी जांभळं झालं. ते गावानं डोळ्यांनी बघितलं. लोक म्हणाले, मास्तर म्हणत होता ते खरंच, विहिरीत विष शे. रविवारी कानबाई. रोटांचं पीठ भिजवायला पाणी निर्मळ लागतं, देवीला अंघोळ घालायला निर्मळ लागतं. वाहतं पाणी ते निर्मळ, हे आमच्याकडे पोराठोरालाही ठाऊक. गावच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन, गाणी म्हणत, बोरीवर गेल्या. नदीचं पाणी आणलं, देवीला न्हाऊ घातलं, रोट केले. रोट बाहेर कुणाला द्यायचे नसतात, घरच्यांनीच खाऊन संपवायचे असतात. सगळ्यांनी खाल्ले, वर तेच पाणी प्यायले.

मला निरोप आला बुधवारी. गेलो तेव्हा दुपार होती. वेशीपाशी झिपरू बसलेला, डफ जवळ उलटा ठेवलेला. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. अक्काची सासू सकाळीच गेली होती. अक्का ओसरीवर, खाटेवर. मी तिला ओळखलंच नाही हो. डोळे खोल गेलेले, गाल आत बसलेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. देवीचा चौरंग अजून कोपऱ्यात तसाच होता, त्यावर वाळलेली फुलं.

मी जवळ बसलो. तिनं डोळे उघडले. ओठ फुटलेले होते, तरी बोलली.

“भाऊ, तू सांगं ना, तसंच कयं मी. विहीरना पाणीले हात बी लावा नई. घरमा कोणले लावू दिधा नई.” मग थोडं थांबून म्हणाली, “बठ्ठासले सांगं मी, मना भाऊ खोटं नई बोलस.”

तिला वाटत होतं मी रागावेन. आपल्याकडून काही चुकलं म्हणून हे झालं असं मला वाटेल, म्हणून ती खुलासा देत होती. मरताना! मी तिचा हात धरून बसलो. मला ओरडून सांगायचं होतं की अक्का, माझ्या खिशात एक पान राहिलं गं. पण ते तोंडातून निघेना. बक्षीस मिळवलेलं तोंड! उन्हं कलायच्या आत ती गेली.

आबा पुढे वीसेक वर्षं जगले. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. दरवेळी एवढंच म्हणायचे, “तुना काय दोष शे भाऊ? तू तं चांगलंच सांगं व्हतं.” एखाद्यानं मुस्कटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

आणि वर काय झालं ऐका. तालुक्याच्या साहेबांनी लिहून कळवलं की अमुक गावी मास्तरांच्या व्याख्यानाचा असा प्रभाव पडला की ग्रामस्थांनी दूषित विहीर एका दिवसात सोडली. पुढच्या आठवड्यात गावात रोज चिता पेटत होत्या ते त्या कागदात नव्हतं, कारण तो कागद शनिवारीच गेला होता. त्याची नक्कल मला शाबासकी म्हणून मिळाली. मी ती फाडायला हवी होती. ट्रंकेत ठेवली. कुणी तरी वाचली, कुणाला तरी सांगितली, आणि तेव्हापासून जिथं जातो तिथं माझी ओळख करून देतात ती अशीच. ज्यांच्या एका भाषणानं अख्ख्या गावानं विहीर सोडली, ते हे मास्तर. मी खाली बघत बसतो. लोकांना वाटतं, विनयानं.

यावलला, पारोळ्याला, कुठे कुठे बोलायला गेलो. का जात राहिलो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. कधी वाटतं, एखाद्या सभेत तरी ते आठवं पान वाचून दाखवीन. पण प्रत्येक वेळी टाळ्या आधी येतात, आणि माझी लाज पुन्हा घडी होऊन खिशात जाते. माणूस किती नालायक असू शकतो याला काही हद्द नाही.

तर गेल्या शनिवारी त्या शाळेत गेलो. मोठा वर्ग, मुलं दाटीवाटीनं, वह्या पेन्सिली घेऊन. हेडमास्तरांनी ओळख करून दिली. तीच. ‘अख्ख्या गावानं विहीर सोडली’ म्हटल्याबरोबर मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी उभा राहिलो आणि कसं कोण जाणे, म्हणालो, “ती टाळी परत घ्या.” आणि सांगितलं. सगळं सांगितलं. झिपरूनं काय विचारलं, आठवं पान खिशात कसं राहिलं, अक्का काय म्हणाली. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं, आवाज आपोआप चढत होता, उतरत होता. अक्काचं शेवटचं बोलणं सांगितलं आणि तिथंच थांबलो. मी बसलो.

मग कुणी तरी टाळी वाजवली, आणि सगळा वर्ग उठून टाळ्या वाजवायला लागला. हेडमास्तर डोळे पुसत माझा हात धरून म्हणाले, “याला म्हणतात परिणाम! मुलांनो, बघितलंत?” मुलं वह्यांत लिहीत होती. एकानं काय लिहिलं ते मी वाकून वाचलं. आवाज कुठे खाली आणला, ते लिहिलं होतं.

मी उठलो. बाहेर व्हरांड्यात आलो. तिथं शाळेत पाणी भरणारी भागाबाई खांबाला टेकून उभी होती. साठीच्या घरातली, कपाळाला मोठं कुंकू, माझ्या पेल्यात पाणी तिनंच ठेवलं होतं. डोळे लाल झालेले.

“दादा, भलतंच रडनू मी,” ती म्हणाली. “तुमनी अक्का डोयासमोर उभी ऱ्हायनी.”

मी सहज, का कोण जाणे, विचारलं, “भागाबाई, काय समजनं तुमले?”

ती पदरानं नाक पुसत म्हणाली, “हाईच ना, का विहीरनं पाणी वाईट ऱ्हास. आठे पांझराना काठले पटकी शे म्हनतस. उद्यापासून मी पोरेसकरता विहीरनं पाणी काढाव नई. पांझरावरथून ताजं आनसू.”

अहो, पुन्हा! बहिणीचं मरण भर वर्गात मांडलं, मुलं रडली, हेडमास्तर रडले, आणि नदीचं पिऊ नका, उकळून प्या, हे त्या पानावरचं मी याही वेळी सांगितलं नव्हतं. अक्काच्या शब्दांवर भाषण छान संपत होतं ना! चाळीस पोरं उद्या पांझरा नदीचं पाणी पिणार होती.

मी भागाबाईचा हात धरला. व्हरांड्याच्या टोकाला चूल पेटलेली होती, पाहुण्यांच्या चहाचं आधण ठेवलेलं. ते मी स्वतः उतरवलं, हात भाजला. म्हणालो, “विहीरनं पाणी भरी आन.” ती गडबडली, पण विहिरीवर गेली आणि हंडा घेऊन आली. मी तो चुलीवर चढवला आणि ज्या भाषेत अक्काशी बोलायचो त्या भाषेत सांगितलं.

“अक्का, ऐक. नदीनं पाणी आनू नको. विहीरनंच आन, पन उकाळीसन दे. उकाळा बिगर कोणलेच देवानं नई. काय सांगं मी?”

ती चुलीवरच्या हंड्याकडे बघायला लागली.

“सांग ना, काय सांगं मी?”

“नदीनं आनानं नई,” ती हळूच म्हणाली. “विहीरनं उकाळीसन देवानं.”

“परत सांग.”

तिनं परत सांगितलं. मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ती जरा मोठ्यानं म्हणाली, आणि आतून दोन-चार मुलं दाराशी येऊन बघायला लागली. हेडमास्तर हार घेऊन आले. “मास्तर, हे काय? आत चला, सत्कार राहिलाय.”

मी म्हणालो, “थांबा. भाषण अजून संपलेलं नाही.”

लाकडं ओली होती, धूर फार झाला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हंड्यातलं पाणी खळखळ उकळेपर्यंत मी चुलीपुढून हललो नाही.